दिवसभर पुस्तक उघडं असतं, तरी विषय का जातो?

"मॅडम, पोरगी दिवसभर पुस्तक घेऊन बसत्या. तरी दोन विषय गेले. नेमकं चुकतंय कुठं?"

भुदरगड तालुक्यातून सकाळच्या एसटीने आलेले वडील खुर्चीच्या टोकावर बसून विचारत होते. शेजारी मुलगी, मान खाली. तिला आपण स्नेहल म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बारावीला कॉलेजात पहिली आलेली. बी.एस्सी.साठी कोल्हापुरात आली, होस्टेलवर राहिली आणि पहिल्याच सेमिस्टरला रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत एटीकेटी.

निकाल लागले की हा प्रश्न घेऊन आठवड्याला एखादं तरी घर माझ्याकडे येतं. बहुतेकांनी कारणही ठरवून आणलेलं असतं: मोबाईल. स्नेहलच्या बाबतीत ते खरं नव्हतं. अभ्यासाला बसताना ती मोबाईल मैत्रिणीच्या ट्रंकेत ठेवून यायची.

मी वह्या मागितल्या. अक्षर मोत्यासारखं. शीर्षकं हिरव्या शाईत, व्याख्या लाल, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळा हायलायटर. "हे मी तीनदा वाचलोय, मॅडम," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात. ती तसं बोलली तेव्हा मला बरं वाटलं, कारण तोवर जपून, पुस्तकी मराठीत उत्तरं देत होती.

मी वही मिटली आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. "एसएन वन आणि एसएन टू या रसायनशास्त्रातल्या दोन अभिक्रियांबद्दल जे आठवेल ते लिही. दहा मिनिटं." तिने शीर्षक लिहिलं, पट्टी घेऊन त्याखाली रेघ मारली. मग 'कार्बोकॅटायन' हा शब्द आणि एक बाण. नंतर नुसतंच पेनाचं टोपण लावणं, काढणं. चार ओळींवर ती थांबली आणि डोळे भरून आले. "काल रात्री सगळं येत होतं की!"

खोटं नव्हतं ते. वही समोर असताना येतच होतं. स्टँडवर एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही, तशी ही गत. तीनदा वाचल्याने मजकूर ओळखीचा झाला होता. परीक्षेत मात्र वही मिटलेली असते.

मग बारावीपर्यंत कसं जमलं? मी तिला शाळेचा दिवस सांगायला लावला. सर फळ्यापाशी उभं करून विचारायचे. घटक चाचण्या असायच्या. संध्याकाळी आई भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "म्हण बघू आज काय शिकवलं." म्हणजे रोज कुणीतरी तिच्याकडून आठवून घेत होतं. कॉलेजात आल्यावर हे विचारणारं माणूसच गेलं. वाचन तेवढं उरलं, आणि वाढतच गेलं. 'आपली बुद्धीच गंजली' असं ती धरून चालली होती. माझ्या मते या वयातल्या कितीतरी हुशार मुलांचं दुखणं हेच आहे, आणि त्यांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

वडील तरुणपणी तालमीत होते, म्हणून त्यांना विचारलं, "आखाड्याच्या कडेला बसून रोज सहा तास कुस्ती बघितली, तर पैलवान होईल का?" ते क्षणभर गप्प राहिले. "म्हंजे ही नुसती बघत बसलीया. मातीत उतरलीच न्हाई." मग लेकीकडे वळून म्हणाले, "जोड पाहिजे गं तुला, समोर लढायला."

यामागे नीट केलेला अभ्यास आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के राहिलं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. रात्री 'येतंय' असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो, ते यामुळेच.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. ज्या दिवशी तास झाला त्याच संध्याकाळी वही मिटून वीस मिनिटं कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने लिहायचं. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. हायलायटर महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. "आधी निदान अभ्यास झाल्यासारखं वाटायचं, आता रोज नापास झाल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. बरीच मुलं इथेच सोडून देतात आणि परत वाचायला लागतात. आठवताना जी ओढाताण होते, तोच खरा अभ्यास आहे, हे मला तिला चार-पाचदा तरी सांगावं लागलं.

जोड मिळाली ती खोलीतच. बाहेरगावच्या मुलांनी कोल्हापुरात राहून शिकायचं ही रीत शाहू महाराजांनी १९०१ पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांइतकी जुनी, आणि एकत्र राहण्याचा मोठा फायदा हाच की विचारणारं कुणीतरी हाताशी असतं. स्नेहल आणि तिची मैत्रीण जेवणानंतर एकमेकींना प्रश्न घालू लागल्या. आधी आपल्या बोलीत सांगायचं, मग इंग्रजी शब्द बसवायचे, असं मी सुचवलं होतं. एसएन टू अभिक्रियेत येणारा कण कार्बनला मागच्या बाजूने भिडतो, आणि टर्शरी हॅलाइडमध्ये त्या कार्बनला कार्बनचेच तीन गट चिकटलेले असतात. तिथे एसएन टू का होत नाही ते एकदा तिने मला सांगितलं: "कार्बनच्या तिन्ही बाजूंनी माणसं उभी हाईत, मॅडम. मागनं शिरायचं म्हटलं तर जागाच न्हाई. नवरात्रात महाद्वार रोडवर असतंय तसं." घोकलेल्या इंग्रजी वाक्यांत हे तिला कधी दिसलं नव्हतं.

पुढच्या परीक्षेत रसायनशास्त्र सुटलं, साठाच्या आसपास मार्क पडले. भौतिकशास्त्र पुन्हा राहिलं. तिथे तिचं गणितच कच्चं आहे, आणि ते आठवून लिहिल्याने भरून निघत नाही. त्यासाठी ती आता अकरावीचं कॅल्क्युलस पहिल्या पानापासून सोडवते आहे, रोज पाच गणितं.

परवा आली तेव्हा हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. झेरॉक्सच्या दुकानातले एका बाजूला छापलेले वाया गेलेले कागद, मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं अक्षर. पहिल्या महिन्याच्या कागदांवर सगळा लालच रंग. तिने मधले काही काढून शेजारी ठेवले आणि मला म्हणाली, "हे बघा, हितनं निळं वाढत गेलंय."