थ्री-एस टाकू का, बॅटरी फुगली, चाकात कापूस: आरसी ट्रकवाल्यांचे प्रश्न

ऊन तापायला लागलं की आरसी, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची पत्रं वाढतात आणि बहुतेकांना मोठी मोटर टाकायची असते. या वेळी सहा निवडली, त्यातली काही लांबलचक होती ती कापली आहेत.

प्रश्न: दादा राम राम. माझ्याकडे 1/10 स्केलचा टू व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे, ब्रश्ड 550 मोटर (आत ब्रश घासतात ती), सेकंड हँड घेतलेला. टू-एस (दोन सेलच्या बॅटरी) वर मस्त पळायचा पण मेहरूण तलावाकडे मित्राची ब्रशलेस (बिनब्रशच्या मोटरची) गाडी पुढे निघून जायची म्हणून मी थ्री-एस (तीन सेलची) लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी टाकली आणि 19 दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) काढून 23 चा लावला, मागचा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) 86 चाच आहे. आता पाच-सहा मिनिटं वाऱ्यासारखा पळतो आणि मग थ्रॉटल बंद, स्टिअरिंग मात्र चालू राहतं. सावलीत ठेवला की परत चालू. मोटरजवळ जळका वास येतो. मित्र म्हणतो डायरेक्ट ब्रशलेस टाक. टाकू का?
— कॉलेजचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर: टाकशील ना भो, पण आधी बंद काय पडून राहिलं ते तर बघ. स्टिअरिंग चालू आणि थ्रॉटल बंद म्हणजे बॅटरी जोडलेली आहे, रिसीव्हर जिवंत आहे, फक्त ईएससीने (मोटरचा स्पीड सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी) मोटरचा पुरवठा तोडला. असं ती मुख्यतः दोन कारणांनी करते, एक तर बॅटरी उतरली नाहीतर ती स्वतः तापली. बंद पडल्या पडल्या बॅटरी काढून सेल चेकरला लाव. लोड निघाला की आकडा थोडा वर चढतो हे धरून, सेलमागे 3.4-3.5 च्या खाली दिसलं तर लो व्होल्टेज कटऑफ (बॅटरी उतरली म्हणून आपोआप बंद), 3.7 च्या वर दिसलं तर बॅटरीची काही चूक नाही. तुझा ट्रक चार्ज न करता नुसता सावलीत बसून परत चालतो, त्यामुळे मला तरी उष्णताच वाटते, आणि वास तर तू स्वतःच सांगतोयस.

आता हिशोब बघ. टू-एस चे 7.4 व्होल्ट, थ्री-एस चे 11.1, म्हणजे दीडपट. पिनियन 19 चा 23 केला म्हणजे 86 भागिले 19 साडेचारचा रेशो 3.7 वर आला, ते अजून एकवीस टक्के. दोन्ही गुणले की कागदावर 1.8 पट स्पीड होतो आणि तेवढा स्पीड द्यायला मोटर जो करंट ओढते तो 1.8 पटीवर थांबत नाही, त्याच्याही बराच पुढे जातो. त्यात 550 ब्रश्ड, तिचे ब्रश आणि कम्युटेटर एवढ्या करंटला जळणारच. आणि ईएससीवरचं स्टिकर वाचलंस का? बऱ्याच ब्रश्ड ईएससी फक्त टू-एस पर्यंतच असतात, त्यांना थ्री-एस लावलं की कधी ना कधी धूर निघतो.

वरून आपलं हवामान. समज मोटर चालताना बाहेरच्या हवेपेक्षा 45 डिग्रीने वर जाते. डिसेंबरमध्ये हवा 25 असते तेव्हा मोटर 70 वर, चालून जातं. तीच मोटर मे मध्ये 44 च्या हवेत 89 वर. साधारण 80-82 डिग्रीच्या वर मोटर रोज जायला लागली की आयुष्य कमी होतं, ब्रशलेसची मॅग्नेटसुद्धा कमजोर पडतात. यूट्यूबवरचे जे गिअरिंगचे तक्ते असतात ते काही भुसावळच्या उन्हात बसून केलेले नसतात, म्हणून एप्रिल ते जून दोन-तीन दात कमीच लावायचे, टॉप स्पीड थोडा जाईल पण पिकअप उलट सुधारेल. तू आत्ता थ्री-एस काढ, टू-एस आणि 19 वर ये, तरी तापली तर 17. टेम्परेचर मोजायला इन्फ्रारेड गन घे, पण ती कोरोनात घरोघर घेतलेली कपाळाला लावायची गन नको, ती ताप मोजायची आहे, 43 च्या आसपासच हात टेकते.

हे सगळं करूनही मित्राला हरवायचंच असेल तर मोटर आणि ईएससी जोडीनेच घे आणि केव्ही बघून घे. केव्ही म्हणजे व्होल्टमागे किती आरपीएम. 3500 केव्हीला फुल चार्ज टू-एस चे 8.4 व्होल्ट दिले की 29,400 आरपीएम होतात, थ्री-एस चे 12.6 दिले की 44,100. म्हणून थ्री-एस वरच चालवायची असेल तर कमी केव्हीची घे, चार-पाच हजार केव्हीची मोटर थ्री-एस वर टाकणं हा हौसेचा नाही, डोक्याचा प्रॉब्लेम आहे.

प्रश्न: आमच्या गावाजवळ जिनिंग आहे, मोकळी जागा मोठी म्हणून तिथेच बगी आणि ट्रक पळवतो. दर थोड्या दिवसांनी एखादं चाक जड फिरायला लागतं, किर्र आवाज येतो आणि बेअरिंग जातं. चांगल्या क्वालिटीची बेअरिंग टाकली तरी तेच. काय करावं?
— धरणगाव

उत्तर: बेअरिंगची क्वालिटी राहू द्या, चाकाचा नट काढून चाक बाहेर घ्या, त्यामागचा बारा एमएमचा हेक्स काढा आणि अ‍ॅक्सलवर बघा. कापसाचा तंतू इतका घट्ट पिळून बसलेला असतो की वरवर पाहिलं तर ती वॉशर वाटते. चाक फिरतं तसा तो आत सरकतो, बेअरिंगचं सील उचलतो आणि मग धुळीला दार उघडं. केळीच्या बागेजवळ चालवणाऱ्यांचंही तेच, तिथे वाळलेल्या सोपटाचे धागे येतात. बारीक ब्लेडने अ‍ॅक्सलच्या लांबीत एक चीर द्यायची आणि चिमट्याने ओढायचं, गोल गोल उलगडत बसू नका, संध्याकाळ जाईल. दर वेळी घरी आल्यावर चारही चाकं बघायची, पाच मिनिटांचं काम आहे.

बेअरिंग घेताना पत्र्याच्या शील्डऐवजी रबर सीलचं मागा. ते थोडं जड फिरतं पण आपल्याकडे तेच टिकतं. साइज व्हर्निअरने मोजूनच मागवा, 5 बाय 11 बाय 4 खूप गाड्यांत असतं पण सगळ्यांत नाही.

आणि एक, पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारायची सवय असेल तर ती मोटरच्या आणि बेअरिंगच्या तोंडावर मारू नका, धूळ बाहेर यायच्या ऐवजी आत जाते. काळी माती ओली असेल तर तिला हात लावू नका, पूर्ण वाळू द्या, मग जुन्या रंगाच्या ब्रशने ती आपोआप सुटते. उघड्या गिअरना ग्रीस फासू नका, ग्रीस आणि काळी धूळ मिळून जी पेस्ट होते ती गिअरचे दात खाते.

प्रश्न: पांझरेच्या कोरड्या पात्रात ट्रक चालवतो. साठ-सत्तर फुटांपुढे गेला की स्टिअरिंग थरथरतं आणि कधी कधी ट्रक स्वतःच्या मनाने सरळ पळतो. एकदा दगडावर जाऊन आपटला, पुढचा आर्म (चाक धरणारा दांडा) गेला. रिमोट 2.4 गिगाहर्ट्झचा आहे, सेल नवीन आहेत. रिमोट बदलू का?
— धुळे

उत्तर: तुमच्याकडे बहुतेक दोन वेगळे आजार एकत्र आले आहेत. लांब गेल्यावरच होतं म्हणजे आधी अँटेना बघा. रिसीव्हरची ती बारीक वायर बऱ्याच जणांनी गुंडाळून बॉक्समध्ये कोंबलेली असते किंवा कार्बनच्या पत्र्याला चिकटवलेली. तिला नळीतून उभी बाहेर काढा, टोकाचा जो उघडा भाग असतो तो मोकळा हवा, आणि वायर लांब वाटते म्हणून कापू तर मुळीच नका.

थरथरण्याचं वेगळं बघावं लागेल. ट्रक खोक्यावर ठेवा, चाकं हवेत. थ्रॉटल न देता स्टिअरिंग मधोमध असतानाच थरथरत असेल तर सर्वोच्या (चाकं वळवणारी छोटी मोटर) आतला पॉट, म्हणजे चाकं किती वळली ते ओळखणारा भाग झिजलाय, सर्वो बदला. थ्रॉटल दिल्यावरच थरथरत असेल आणि मोटर ब्रश्ड असेल तर मोटरच्या मागे डाळीएवढे छोटे कपॅसिटर सोल्डर केलेले असतात, ते तुटलेत का बघा, ठिणग्यांचा आवाज रेडिओत जाऊ नये म्हणून ते असतात. आणि हवेत सगळं ठीक पण जमिनीवर चाकं वळवताना थरथरतं, तर ईएससीमधलं बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) सर्वोला करंट पुरवू शकत नाही, व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर क्षणभर बेशुद्ध होतो. ताकदीचा डिजिटल सर्वो टाकून बीईसी जुनंच ठेवलं की हमखास हे होतं. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला 4700 मायक्रोफॅरॅड 16 व्होल्टचा कपॅसिटर लावून बऱ्याच वेळा भागतं, प्लस-मायनस उलटं लावू नका, फुटतो. नाही भागलं तर वेगळं बीईसी घ्या.

नदीत परत न्यायच्या आधी फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबवणारी सोय) सेट करा. चाकं हवेत, थोडा थ्रॉटल द्या आणि रिमोट बंद करा, चाकं थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर रिसीव्हरचं माहितीपत्रक काढून फेलसेफ न्यूट्रलवर आणा, तुमचा आर्म याच्याचमुळे गेलेला असणार. ही टेस्ट सोडली तर एरवी नेहमी रिमोट पहिले चालू आणि शेवटी बंद.

प्रश्न: मुलाच्या गाडीची बॅटरी फुगली आहे, उशीसारखी झाली. तो म्हणतो फ्रीजमध्ये ठेवली की बसेल. ठेवू का? किमतीची आहे म्हणून फेकवत नाही.
— एक आई, शहादा

उत्तर: ताई, नाही. फ्रीजमध्ये नाही, कपाटात नाही, गॅसजवळ तर नाहीच. आत तयार झालेला वायू परत जात नाही, आणि फुगलेली लायपो चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. सध्या मातीच्या कुंडीत किंवा वाळूच्या डब्यात अंगणात, सावलीत ठेवा. प्लगच्या तारा एकमेकांना लागू देऊ नका. घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

पुढची बॅटरी फुगू नये म्हणून मुलाला तीन गोष्टी विचारा. ईएससीवर लायपो आणि एनआयएमएच (दुसऱ्या जातीची बॅटरी) असा एक जंपर किंवा सेटिंग असतं, ते लायपोवर आहे का? नसेल तर गाडी बॅटरीला 3 व्होल्टच्या खाली नेते आणि सेल मरतो. बॅलन्स चार्जरने 1 सी वर चार्ज करतो का, म्हणजे 5000 एमएएचला 5 अँपिअर? आणि चालवून झाल्यावर फुल चार्ज करून आठवडाभर तशीच ठेवतो का? ठेवायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्ट, चार्जरवर स्टोरेज मोड असतो. या सेलना चार्ज करायची वरची मर्यादा साधारण 45 डिग्री असते आणि आपल्या पत्र्याच्या खोल्या दुपारी तिथे सहज पोचतात, म्हणून मे मध्ये चार्जिंग पहाटे किंवा रात्री, आणि समोर बसून.

प्रश्न: पाच हजार जमलेत. फोर व्हील ड्राइव्ह ट्रक आहे, उड्या मारायला आवडतं. पूर्ण अ‍ॅल्युमिनियम किट घेऊ की अजून काही? स्पर गिअर सारखा घासतो ते वेगळंच.
— चोपडा

उत्तर: अ‍ॅल्युमिनियम किट दिसतं भारी, पण उड्या मारणाऱ्याने आर्म अ‍ॅल्युमिनियमचे घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. प्लास्टिकचा आर्म वाकतो आणि परत येतो, नाहीच जमलं तर तुटतो आणि तो स्वस्त पार्ट आहे. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म वाकला की वाकलाच, आणि धक्का पुढे चेसिसला किंवा डिफच्या खोक्याला देतो. चांगल्या नायलॉनचे आर्म घ्या. अ‍ॅल्युमिनियम शॉकच्या टोप्यांना आणि स्टिअरिंगच्या बेलक्रँकला घाला, तिथे पैसे वसूल होतात.

पहिला पैसा टायरला. मुरूम आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या कडक जमिनीला बारीक पिनांचे मऊ टायर, वाळूला उंच दातांचे. दुसरा मेटल गिअरच्या सर्वोला, घ्यायच्या आधी स्प्लाइनचे दात मोजा, 23, 24, 25 असे वेगवेगळे असतात आणि तुमचा जुना हॉर्न (सर्वोच्या शाफ्टवर बसणारा छोटा दांडा) नव्यावर बसेलच असं नाही.

स्परचं फुकटात होईल. पिनियन आणि स्परच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, कागद फिरवून बाहेर काढा. कागदावर घड्या पडाव्यात पण तो फाटू नये. हे एका जागी नाही, स्पर फिरवून तीन-चार जागी बघा. पिनियनच्या ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक लावा आणि तो शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा. तरीही दात जात असतील तर स्लिपर क्लच (झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) जास्त आवळलाय. उडीवरून उतरताना थ्रॉटल धरलेला असतो, चाकं जमिनीला लागून एकदम अडतात आणि तो सगळा झटका स्परने घ्यायचा का स्लिपरने, एवढाच प्रश्न आहे. स्लिपर इतका सैल ठेवा की जागेवरून फुल थ्रॉटल दिला तर पहिले दोन-तीन फूट तो घसरल्याचा आवाज येईल. आणि हवेत असताना थ्रॉटल सोडायला शिका, ते पण फुकट आहे.

प्रश्न: शॉकमध्ये मोटरसायकलचं इंजिन ऑइल टाकलं तर चालेल का? शॉक ऑइल इकडे मिळत नाही, मागवलं तर दहा दिवस लागतात.
— नवापूर

उत्तर: नाही चालणार. ते खनिज तेल आहे, शॉकच्या ओ-रिंग त्याने फुगतात आणि मग दोन्हीकडून गळती. सिलिकॉन शॉक ऑइलच मागवा, आणि उन्हाळ्यासाठी मागवत असाल तर 30 च्या ऐवजी 40 वेटचं, कारण गरमीत ते पातळ होतं. तोवर दहा दिवस गाडी धुऊन-पुसून ठेवा.