बॅटमॅनचे रॉबिन इतके कसे? आणि नवा आला की जुन्याचं काय होतं?

तुम्ही विचारलंय की एका कॉमिक पुस्तकात बॅटमॅनचा साथीदार रॉबिन चिडका, बारका पोरगा आहे, दुसऱ्यात तो शहाणासुरता कॉलेजवयीन मुलगा आहे, तर खरा कुठला? दोघंही खरे. पहिला डेमियन वेन, दुसरा टिम ड्रेक, आणि गेल्या काही वर्षांत बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने दोघांनाही एकाच वेळी ते नाव लावू दिलंय. मुख्य कथेत आजवर पाच जण रॉबिन झाले: डिक ग्रेसन, जेसन टॉड, टिम, स्टेफनी ब्राउन आणि डेमियन.

यामागचं व्यवहारी कारण आधी सांगतो. पात्र कथेत म्हातारं होऊ शकतं, मरू शकतं, लग्न करून संसाराला लागू शकतं. नाव मात्र कंपनीची मालमत्ता असते आणि ती वापरात ठेवावी लागते. अमेरिकेत सलग तीन वर्षं ट्रेडमार्क वापरला नाही, तर तो सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. नाव हातचं गेलं की काय होतं ते कॅप्टन मार्व्हलच्या बाबतीत दिसलं. मूळचा कॅप्टन मार्व्हल फॉसेट कंपनीचा. डीसीशी कोर्टकज्जे होऊन 1953 मध्ये तो बंद पडला. 1967 मध्ये मार्व्हल कंपनीने त्याच नावाचा आपला वेगळा हिरो काढला. पुढे डीसीनेच फॉसेटचा हिरो छापायला घेतला, तेव्हा मुखपृष्ठावर त्याचं स्वतःचं नाव टाकता येईना. म्हणून त्या पुस्तकाचं नाव शझाम.

आता रॉबिन. डिक 1940 मध्ये आला आणि जवळपास तीस वर्षं पोरगाच राहिला, 1969 मध्ये कुठे कॉलेजात गेला. ऐंशीच्या दशकात टीन टायटन्स हे तरुण हिरोंच्या टोळीचं पुस्तक जोरात खपायला लागलं. तिथला डिक मोठा झालेला, टोळीचा म्होरक्या. बॅटमॅनच्या पुस्तकांना मात्र बॅटमॅनच्या बरोबरीने उड्या मारणारा लहान मुलगाच हवा होता. मग 1984 मध्ये डिक नाइटविंग झाला आणि रॉबिनची जागा जेसनला मिळाली. गंमत म्हणजे नाइटविंग हे नावही कोरं नव्हतं. साठच्या दशकात एका कथेत खुद्द सुपरमॅनने ते वापरलं होतं. पण तिथे कोणी त्यावर हक्क सांगायला बसलं नव्हतं, त्यामुळे ते डिकचं होऊन गेलं.

जेसनचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. सुरुवातीला तो डिकची नक्कलच होता, सर्कसमधलाच, आईबाप मारले गेलेला. 1987 मध्ये त्याचा पूर्वेतिहास पुसून नवा लिहिला. आता तो बॅटमोबिलची, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीची, चाकं चोरताना सापडलेला रस्त्यावरचा पोरगा झाला. हा उद्धट जेसन अनेक वाचकांना रुचला नाही. मग 1988 मध्ये डीसीने जे केलं त्यावर आज विश्वास बसणार नाही. बॅटमॅनचा वैरी जोकर जेसनला पहारीने झोडपतो, बॉम्बस्फोट होतो, आणि त्या अंकाच्या मागच्या कव्हरवर दोन फोन नंबर. एकावर फोन केला तर रॉबिन जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. एका फोनला पन्नास सेंट. निकाल: मारा म्हणणारे 5343, जगवा म्हणणारे 5271. फरक फक्त 72 मतांचा. तो जिवंत सापडतो असंही पान काढून तयार होतं. तो पर्याय कंपनीने 2023 मध्ये स्वतंत्र अंक काढून विकला. मेलेल्याचे पैसे एकदा, वाचलेल्याचे पैसे पस्तीस वर्षांनी.

जेसनचा पोशाख बॅटमॅनच्या गुहेत काचेच्या कपाटात लागला. हे कपाट लक्षात ठेवा.

स्टेफनी ब्राउन 1992 पासून स्पॉयलर या नावाने, जेसननंतर रॉबिन झालेल्या टिमच्या आसपास वावरत होती. बाप क्लूमास्टर, म्हणजे घरातलाच गुन्हेगार. 2004 मध्ये टिमने काम सोडल्यावर ती रॉबिन झाली, आणि थोड्याच अंकांत आज्ञा मोडली म्हणून बॅटमॅनने तिला काढून टाकलं. स्वतःला सिद्ध करायला तिने त्याचीच एक गुप्त योजना राबवली, शहरात टोळीयुद्ध पेटलं, ब्लॅक मास्क नावाच्या गुंडाने तिचे हाल केले आणि ती मेली. गुहेत तिच्यासाठी कपाट नाही. वाचकांनी, विशेषतः मुलींनी, हा मुद्दा काही वर्षं लावून धरला: जेसन रॉबिन होता तर ही कोण होती? 2008 मध्ये तिला जिवंत परत आणलं, आणि ती मेली नसावी असा बॅटमॅनला संशय होता म्हणून स्मारक नव्हतं, असं कथेत सुचवून टाकलं. सारवासारव म्हणतात ती हीच. माझं स्पष्ट मत आहे की तिला रॉबिन केलंच होतं ते तिच्या मरणाला वजन यावं म्हणून.

टिमचीही बोळवणच झाली, फक्त सभ्यपणे. 2009 मध्ये ब्रूस वेन, म्हणजे खुद्द बॅटमॅन, मेला असं सगळे समजत होते, डिक स्वतः बॅटमॅन झाला आणि त्याने रॉबिन म्हणून निवडलं ब्रूसच्या पोराला, डेमियनला. टिमला म्हणे तो बरोबरीचा मानतो. टिम गेला रेड रॉबिन हे नाव घेऊन, आणि ते नाव नि तो पोशाखही आधी, मध्यंतरी जिवंत होऊन परतलेल्या जेसनने वापरून झालेला.

पण ज्याची सर्वात वाईट दशा झाली तो रॉबिन नाहीच, तो डीसीच्याच फ्लॅश या वेगवान हिरोचा चेला वॉली वेस्ट. 1959 मध्ये किड फ्लॅश म्हणून आला. 1985 मध्ये त्याचा गुरू बॅरी ॲलन मेला आणि वॉलीने फ्लॅशची गादी घेतली. ही बढती खरी होती, वीसेक वर्षं टिकली. 2001 च्या जस्टिस लीग कार्टूनमधला फ्लॅशही वॉलीच. मग 2008 मध्ये बॅरी परत आला. गुरू जिवंत झाल्यावर चेल्याने करायचं काय? 2011 मध्ये डीसीने सगळा इतिहास नव्याने मांडला, त्यात वॉली गायबच. 2014 मध्ये वॉली वेस्ट नावाचा दुसराच मुलगा आणला, यावेळी कृष्णवर्णीय वारशाचा. 2016 मध्ये वाचकांच्या हट्टापायी जुना वॉली परत, आणि झाली पंचाईत: आता टोपणनावच काय, खरं नावही दोघांचं एकच! खुलासा असा की दोघं चुलतभाऊ आणि दोघांनाही पणजोबांचं नाव ठेवलेलं. हा खुलासा ज्याने लिहिला त्याच्या घरी बारशाला जायला हवं. त्यानंतर 2018 च्या सुमारास जुन्या वॉलीला सहकाऱ्यांच्या मृत्यूला जबाबदार ठरवलं, 2021 मध्ये तो डाग पुसला आणि पुन्हा फ्लॅश केलं.

कारण विचाराल तर, माझ्या मते, लिहिणाऱ्यांचं बालपण. जे बॅरी वाचत मोठे झाले ते खुर्चीत बसले की बॅरी उठतो. वॉली वाचत मोठे झालेले बसले की वॉली उठतो. या खेळात मधल्या पिढीच्या पात्राचं मरण. डिक वाचला तो बऱ्याच अंशी त्याचं नाव कोणाला परत नको होतं म्हणून. तरी 2005-06 मध्ये डीसीचे तेव्हाचे संपादकीय प्रमुख डॅन डिडिओ त्यालाही मारायला निघाले होते, बाकीच्यांनी अडवलं.

मार्व्हलमध्येही वेगळं नाही. मोनिका रॅम्बो 1982 मध्ये कॅप्टन मार्व्हल झाली, ॲव्हेंजर्सची नेता झाली. मग मार्व्हलच्या पहिल्या कॅप्टनचा मुलगा जेनिस आला, तिने नाव सोडलं आणि फोटॉन झाली. काही वर्षांनी त्याने फोटॉनही घेतलं. ती पल्सार झाली, नंतर स्पेक्ट्रम.

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना हे सगळं विचित्र वाटतं, कारण आपल्या वेताळाकडे (म्हणजे फँटमकडे) हा प्रश्नच नव्हता. एकवीस पिढ्या, बाप गेला की मुलगा, आणि जगाला वाटतं एकच अमर माणूस. जुना वेताळ परत आला असता तर तिथेही हाणामारी झाली असती.

वाचायला घेताना रॉबिन कोण हे अंकाच्या वर्षावरून ओळखा. 1984 च्या सुरुवातीपर्यंत डिक, 1988 पर्यंत जेसन, 1990 अखेरपासून 2009 पर्यंत टिम (2004 मध्ये मधेच काही अंक स्टेफनी), पुढे डेमियन. अलीकडचे असतील तर पहिली दोन पानं चाळून मगच पैसे द्या.