चोरीला गेलेली पेटी ऑनलाइन लिलावात दिसली, तर?

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची पेटी आणि मृदंग श्रावणातला सप्ताह संपल्यानंतर मंदिरालगतच्या कुलूपबंद खोलीतून चोरीला गेले. पोलीस ठाण्यात आम्ही तेव्हा साधा अर्ज दिला होता, त्याची पोहोच घेतली नाही. कार्तिकातला काकडा नुसत्या टाळांवर केला. आता पुण्यात नोकरी करणाऱ्या मंडळातील एका मुलाला तीच पेटी जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात दिसली आहे. बोली बंद व्हायला चार दिवस उरले आहेत. वर्गणी काढून आपणच सर्वांत मोठी बोली लावावी, असे काही जण म्हणतात. तसे करावे का?
– एक वारकरी, सेलू तालुका, जि. परभणी

उत्तर : मुदत थोडी असल्याने आपल्याला हे फोनवर आधीच कळवले आहे, इतर वाचकांना उपयोग व्हावा म्हणून येथे सविस्तर देत आहे.

बोली लावू नये. सेलूसारख्या भागात मंडळाची वर्गणी कशी जमते, हे मी जाणतो. सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत लोक थांबतात आणि मग शंभर-दोनशे रुपये देतात. तो पैसा चोराच्या किंवा त्याच्याकडून माल घेणाऱ्याच्या हाती जाऊ नये. शिवाय पैसे भरल्यावर पेटी येईलच याची हमी नसते, आणि आली तरी विकणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा पोलिसांचा माग तेथेच पुसट होतो. मुख्य म्हणजे तशी गरजच नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २७ नुसार, काही मोजके अपवाद सोडले तर, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडे मालकी नसते, म्हणून पेटी चार हातांतून फिरली तरी ती आपल्या मंडळाचीच राहते.

आधी ठाण्यात जाऊन रीतसर फिर्याद नोंदवा आणि तिची प्रत घ्या. ती विनामूल्य मिळते. येथे एका मुद्द्यावर जोर द्यायला हवा. नव्या कायद्यानुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची साधी चोरी अदखलपात्र धरली जाते आणि जुन्या पेटीची किंमत तेवढी होत नाही, असे कोणी म्हणू शकेल. परंतु मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून झालेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती दखलपात्र आहे. म्हणून खोली कुलूपबंद होती आणि तेथे मंडळाचे साहित्य ठेवले जात होते, हे फिर्यादीत स्पष्ट लिहावे. फिर्याद घेण्यास नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

ओळख पटवणे हा खरा कस आहे. बाजारात एकसारख्या पेट्या शेकड्यांनी असतात. खरेदीची पावती, सप्ताहातले फोटो, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे म्हणणे, हे सर्व जमवा. बरेच कारागीर भाता उघडला की आतल्या लाकडावर नाव किंवा तारीख लिहून ठेवतात. आपल्या पेटीत तसे असेल, बदललेली एखादी पट्टी असेल, तर तो तपशील फिर्यादीत द्या, पण विकणाऱ्याला किंवा गावातल्या मोबाइल ग्रुपवर मुळीच सांगू नका. लिलावाच्या पानाचे छायाचित्र पत्ता, तारीख आणि विक्रेत्याचे नाव दिसेल असे घ्या. ज्या फोनवर ते घेतले तो जपून ठेवा, कारण साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

संकेतस्थळाला लगेच कळवून जाहिरात काढायला लावावी, असे कोणालाही वाटेल. मी मात्र आधी पोलीस, मग संकेतस्थळ, असाच क्रम सुचवीन, कारण जाहिरात नाहीशी झाली की विक्रेताही सावध होऊन नाहीसा होतो. पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली नोटीस देऊन विक्रेत्याचा फोन क्रमांक, बँक खाते आणि पत्ता मागवू शकतात. संकेतस्थळालाच दोषी धरावे, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या लिलाव संकेतस्थळावर एक अश्लील चित्रफीत विक्रीला आली आणि कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ बदलण्यात आले आणि मध्यस्थांना, म्हणजे अशा संकेतस्थळांना, व्यापक संरक्षण मिळाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर, न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना आल्याखेरीज मजकूर काढण्याची कायदेशीर सक्ती त्यांच्यावर होत नाही.

याच काळात कोणी मध्ये पडून ‘पाच हजार द्या, पेटी आणून देतो’ असे म्हणाले, तर तेही पोलिसांना कळवा. चोराला पकडून देण्याचा प्रयत्न न करता असे पैसे घेणे हा न्याय संहितेच्या कलम २५२ खालचा गुन्हा आहे.

पेटी जप्त झाल्यावर ती मुद्देमाल म्हणून वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहील, ही भीती आपल्याकडे सर्वत्र आहे, आणि ती निराधार नाही. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ नुसार माल हजर झाल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने त्याचे वर्णन नोंदवून छायाचित्रे काढायची असतात आणि त्यानंतर ३० दिवसांत तो परत देण्याविषयी आदेश करायचा असतो. मंडळाने ठराव करून एका सदस्याला अधिकार द्यावा आणि त्याने सुपूर्दनाम्यावर (बोलावल्यावर वस्तू न्यायालयात हजर करू, अशा लेखी हमीवर) पेटी मिळण्यासाठी अर्ज करावा.

प्रश्न : मी अशाच लिलावातून जुना मोबाइल घेतला. तो चोरीचा असल्याचे सांगून पोलिसांनी मला बोलावले आहे. मी गुन्हेगार ठरतो का?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे समजायला पुरेसे कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतला तरच भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ लागू होते, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पावती नाही, खोका नाही आणि किंमत निम्म्याहून कमी, अशी स्थिती असली तर प्रश्न विचारले जाणारच. पैसे भरल्याचा पुरावा आणि विक्रेत्याशी झालेले संदेश घेऊन जा, फोन जमा करताना पोहोच मागा. फोन मूळ मालकाकडे जाईल; आपले पैसे विक्रेत्याकडून मागण्याचा हक्क आपल्याला आहे. पुढच्या वेळी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक मागून घ्या आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा १४४२२ वर संदेश पाठवून तो तपासा. क्रमांक द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तो फोन घेऊ नका.