आप्पांना शेवटचा एपिसोड बघायचाच नाहीये

प्रिय कर्वेनगरची सून,

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुझं पत्र थोडक्यात सांगते. सासूबाई गेल्यानंतर ही आणि हिचे सासरे, म्हणजे आप्पा, रोज जेवणं झाल्यावर 'मॉडर्न फॅमिली' या अमेरिकन विनोदी मालिकेचे एक-दोन एपिसोड बघायला लागले, त्याआधी दोघांचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू का?" आणि "ठेव" एवढंच. आता शेवटचे दोन भाग राहिलेत आणि आप्पा लावूच देत नाहीयेत, म्हणतात "राहू दे, शेवटी जातातच सगळे." हिने मात्र एका रात्री मोबाईलवर एकटीनेच शेवट बघून टाकला आणि खूप रडली, नवरा म्हणतो "अगं सिरीयल संपलीये, माणूस नाही गेलं." पुढच्या महिन्यात ही आणि नवरा वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये शिफ्ट होतायत, आप्पा कर्वेनगर सोडायला तयार नाहीत. हिचा प्रश्न आहे की आप्पांना आग्रह करून शेवट दाखवू का.

आधी रडण्याचं. त्यात वेडेपणा काहीही नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली मालिका ८ एप्रिल २०२० ला संपली, अकरा सीझन, २५० भाग, आणि त्यात तीच मुलं खरोखर मोठी होत जातात, पहिल्या भागात जिन्याच्या कठड्यात डोकं अडकवून बसणारा ल्यूक शेवटी कॉलेजला निघतो. एवढं बघितल्यावर माणूस गुंततोच गं. आणि तू लिहिलंयस की शेवटचे तीन-चार सीझन तर मी शिव्या घालतच बघितले, मग रडू का आलं, तर मला यात विरोध दिसतच नाही. २०१० ते २०१४ सलग पाच वर्षं बेस्ट कॉमेडीचा एमी पुरस्कार घेणारी मालिका नंतर तेच तेच विनोद करायला लागली हे खरंच आहे, ल्यूकची बहीण हेली, तिला चांगलं करिअर मिळेल असं वाटत असताना नवरा डिलन आणि जुळ्या मुलांमध्ये गुंडाळून टाकलं याचा मलाही अजून राग आहे. पण परक्या माणसावर आपण एवढं चिडत नाही, घरच्यांवरच चिडतो.

(ज्यांना शेवट माहीत करून घ्यायचा नाही त्यांनी पुढचा पॅरा सोडा.)

आता आप्पांचं. शेवटच्या भागात होतं काय, तर घरात फार गर्दी झाली म्हणून ल्यूकचे आई-वडील फिल आणि क्लेअर म्हणतात तिघा मुलांपैकी एकाने तरी बाहेर पडा, आणि मग तिघंही पडतात, अ‍ॅलेक्स तर थेट स्वित्झर्लंडला, क्लेअरचा भाऊ मिच आणि त्याचा जोडीदार कॅम मिसूरीला जातात. तुमच्या घरात बॉक्स भरणं सुरू असताना हे त्या माणसाने सोफ्यावर बसून का बघावं? न बघताच त्यांना शेवट कळलाय. त्यामुळे आग्रह अजिबात करू नकोस.

पण मला तुझ्या पत्रातली दुसरीच गोष्ट जास्त लागली. तू लिहिलंयस की सुरुवातीला मिच-कॅम हे गे जोडपं आलं की आप्पा पाणी प्यायला उठून जायचे, आणि पाचव्या सीझनच्या शेवटी त्या दोघांचं लग्न झालं तेव्हा म्हणाले "छान झालं हो." सत्तरी ओलांडलेला माणूस एवढा पुढे आला, तो काही एकट्या सिरीयलमुळे नाही, शेजारी तू बसलेली होतीस म्हणून. हे तू त्यांना कधी सांगितलंयस का? मला तरी पत्रात कुठे दिसलं नाही.

त्या मालिकेत कशी सोय आहे बघ, जे एकमेकांना तोंडावर सांगता येत नाही ते सगळे कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात, क्लेअरचे वडील, जे नाव त्यांचं, ते तर बायकोबद्दलचं प्रेमसुद्धा आधी तिथेच बोलून टाकतात. तू मला जे लिहिलंयस ना, की नव्या फ्लॅटचा मनापासून आनंद होतोय, स्वतःचं किचन हवंच होतं, आणि आप्पा रात्री एकटे जेवतील या विचाराने घशाखाली घास उतरत नाही, हे सगळं तू कॅमेऱ्याला सांगितल्यासारखं मला सांगितलंयस. ते आप्पांना सांग. दोन्ही सांग, आनंद लपवून नुसतं वाईट वाटतंय म्हणालीस तर त्यांना ते लगेच कळेल आणि अजून परकं वाटेल. चोरून शेवट बघितलास तेही सांग, रागावले तर रागावू देत, निदान बोलतील तरी.

नवरा म्हणतोय तशी लगेच दुसरी दहा सीझनची मालिका सुरू करू नका, आत्ता ती अर्ध्यातच सुटेल. त्यापेक्षा आठवड्याचा एक वार ठरवा, पक्का, "येऊ गं कधीतरी" असं नको, कारण वाकडहून ऑफिस सुटल्यावर हायवे आणि चांदणी चौक पार करून यायचं म्हणजे कंटाळा येणारच आणि ठरलेलं नसेल तर दोन महिन्यांत येणं बंद होतं, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. त्या दिवशी जेवण कर्वेनगरलाच. टीव्ही लावायचा की नाही आणि लावलाच तर काय, ते आप्पा ठरवतील.

आणि नवऱ्यालाही सोबत नेत जा, वडील त्याचे आहेत.

तुझी,
ताई