कीर्तन शिकायला येतोयस, तर आधी लंगरात ये

हार्मोनियम घेण्याची घाई करू नकोस. शीख कीर्तन शिकायला नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आलास की आधी डोकं झाकून, हातपाय धुऊन लंगरात, म्हणजे तिथल्या सामुदायिक जेवणाला, बस. पंगतीत जेव, मग वाढायला उठ. पोळीला इथे 'परशादा' म्हणतात. समोरचा दोन्ही हात पुढे करतो, आपण वाकून त्याच्या हातावर ठेवायची, वरून टाकायची नाही. हे वाकणं अंगात मुरलं की गाण्यातला 'मी' आपोआप कमी होतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

आता गाण्याचं. शबद, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबातलं पद, चालीवरून पाठ करू नकोस, आधी वाच. वर राग लिहिलेला असतो. गुरू ग्रंथ साहिबात मुख्य राग 31 आहेत. मग 'रहाउ' शब्द कुठल्या ओळीशी आहे ते शोध. ती ओळ म्हणजे शबदाचा गाभा, तीच स्थायी धरून परत परत यायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी पहिलीच ओळ ध्रुवपद समजून गात होतो, अर्थ पार उलटा व्हायचा.

सुरुवात नामदेवांपासून कर. त्यांची 61 पदं ग्रंथात आहेत, आणि 'बीठलु' हा शब्द आला की मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही. ताना नकोत. शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळला पाहिजे.

आणि हो, कीर्तन झाल्यावर लगेच निघू नकोस. भांडी घासायला माणसं नेहमीच कमी पडतात.