मुक्ताचा चेहरा का जमत नाहीये

ताई,
चार वर्षं मी एक कॉमिक काढतेय. दर शुक्रवारी एक पान. दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणी, इरा आणि मुक्ता. बोटीवर गेलेल्या बाबांची पत्रं येत राहतात आणि त्यावर दोघी तग धरून असतात. गेल्या आठ महिन्यांत माझी जेमतेम दोन पानं झाली. तिसरं, म्हणजे १४३वं, अडकलंय. त्याच्या तिसऱ्या चौकटीत इरा पत्र मोठ्याने वाचते आणि मुक्ता ऐकते. मुक्ताचा चेहरा काही केल्या जमत नाही. काढते, पुसते. नवा टॅबलेट घेतला, ब्रश बदलले, हावभावांचा कोर्स केला. वाचक इतके चांगले आहेत की लाज वाटते. एकाचीही तक्रार नाही. ‘घाई करू नकोस’ म्हणतात, चित्रं काढून पाठवतात (बहुतेकांनी मुक्ताचा शाईने माखलेला हातसुद्धा काढलाय), काहीजण दरमहा पैसेही पाठवतात. मध्ये एका वाचिकेने शेवट बरोबर ओळखला होता. पत्रं मुक्ताच लिहिते, हा. मुक्ता डावखुरी आहे आणि तिच्या हाताला शाई लागलेली असते, तेवढ्यावरून! म्हणून मी शेवट थोडा बदलला. आता पत्रं दीपगृहाचा म्हातारा रखवालदार लिहितो. १४१ आणि १४२ मध्ये त्याला आणलाय. पण ते विशेष काही नाही. अजून चोवीस पानं उरलीत. मला एवढंच सांगा, माझ्या हातातली कला गेली का? मी वाचकांना फसवतेय का?
– खोडरबर

प्रिय खोडरबर,

कला गेलेली नाही. त्या प्रश्नावर मी यापुढे एक ओळही लिहिणार नाही, कारण तुझा खरा प्रश्न तू ‘विशेष काही नाही’ म्हणून उरकून टाकलास. तू शेवट बदललास. आणि थोडा मुळीच नाही बदललास. पत्रं कोण लिहितं हे बदललं की मुक्ता कोण आहे हेच बदलतं.

आता ती तिसरी चौकट बघ. स्वतः लिहिलेलं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारी मुलगी कागदाकडे बघत नाही. कागदावर काय आहे ते तिला पाठ असतं. ती वाचणारीच्या चेहऱ्याकडे बघते: पटतंय का, रडू येतंय का, संशय येतोय का. तिचे ओठ शब्दाच्या किंचित पुढे असतात. हसू यायचं तर वाक्य संपायच्या आधी येतं. आणि ज्या मुलीला पत्रातलं काहीच ठाऊक नाही, तिची नजर कागदावर खिळलेली असते, भुवया वर असतात आणि हसू वाक्य संपल्यावर येतं. हे दोन वेगळे चेहरे आहेत. तुझ्या हाताला १४० पानांची सवय पहिला काढायची आहे आणि तू त्याच्याकडून दुसरा मागतेस. मधला कुठला तरी चेहरा उमटतो आणि तो खोटा आहे हे तुला दिसतं, म्हणून तू पुसतेस. तुझी नजर शाबूत आहे याचा याहून चांगला पुरावा नको. टॅबलेट, ब्रश, कोर्स, यांतलं काहीही इथे उपयोगी पडणार नव्हतं.

त्या वाचिकेबद्दल तू ज्या सुरात लिहिलंस, त्याचा मला राग आला. ‘तेवढ्यावरून!’ म्हणे. डावीकडून उजवीकडे लिहिताना डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून सरकत जातो आणि करंगळीकडची कड काळी होते. हे तुला माहीत होतं, म्हणून तू ती काळी कड काढलीस. चौकटीत तो हात नखाएवढा असेल. कुणीतरी तिथपर्यंत पोचलं, थांबलं आणि त्याचा अर्थ लावला. चार वर्षं तू ज्यासाठी काढत होतीस ते तिने केलं आणि तू त्यावर रखवालदार आणून ठेवलास. शिवाय ती एकटी नाही. बाकीच्यांनी पाठवलेल्या चित्रांत तो माखलेला हात आहे, असं तूच कंसात लिहिलंयस. त्यांना मुक्ता आवडते ती त्या हातासकट. आता रखवालदाराने पत्रं लिहिली असतील तर तो हात कशाने माखला होता, याचं उत्तर तुला उरलेल्या प्रत्येक पानावर द्यावं लागेल. मागची १४० पानं एकीकडे खेचतात आणि नवं पान दुसरीकडे. तुझी दमछाक तिथे होतेय.

शेवट कळला म्हणून वाचक निघून जातात, ही भीती मनातून काढून टाक. चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’ या कॉमिकमध्ये १९५२ पासून १९९९ पर्यंत लूसी चेंडू धरून बसते, चार्ली ब्राउन लाथ मारायला धावत येतो आणि ती ऐन वेळी चेंडू उचलते. तो पाठीवर आपटणार हे वाचकाला पहिल्या चौकटीपासून ठाऊक असतं. या वेळी ती त्याला कशी पटवते आणि तो पुन्हा विश्वास का ठेवतो, ते बघायला लोक येत राहिले. तुझ्याकडे तर याहून मोठा प्रश्न शिल्लक आहे. पत्रं मुक्ता लिहिते हे इराला कळल्यावर इरा काय करते?

म्हणून, जुना शेवट परत आण. दुसरा पर्याय मी देत नाही.

हे रविवारी कर, टॅबलेट बंद ठेवून. ए-फोर आकाराचे तीन कागद घे. प्रत्येकाची तीनदा निम्मी घडी घातलीस की आठ खाने पडतात. तीन कागद म्हणजे चोवीस खाने, १४३ ते १६६. बॉलपेनने काढ, म्हणजे पुसता येणार नाही. प्रत्येक खान्यात आधी संवाद लिही, मग चौकटी आख, मग माणसं. चेहरे काढायचे नाहीत. नुसता लंबगोल आणि नजर कुठे आहे ते दाखवणारी एक रेघ. पानाला दहा मिनिटं दिलीस तर चार तासांत सगळं होतं. एखादं पान दहा मिनिटांत सुटलं नाही तर त्यावर फुली मारून पुढे जा. फुल्या कुठे पडल्या त्यावरून कथेतली कच्ची जागा कळेल.

गौप्यस्फोट शेवटच्या पानासाठी राखून ठेवू नकोस. तो १४६ वर कर. पुस्तक झालं की सम आकड्याचं पान डावीकडे येतं, म्हणजे पान उलटल्याशिवाय ते दिसत नाही. १४५ च्या शेवटच्या चौकटीत इराची नजर त्या काळ्या कडेवर पडू दे आणि उलटल्यावर दोघी समोरासमोर. मग दोघींच्या नात्याला वीस पानं मिळतात. आत्तापर्यंत तू त्यांना रहस्य सांभाळायच्या कामाला जुंपलं होतंस.

रखवालदाराला हाकलायची गरज नाही. १४१ आणि १४२ ची चित्रं तशीच ठेव, फक्त संवादाच्या फुग्यांमधला मजकूर बदल. पत्रं लिहिणारा नको, पत्रं नेऊन टाकणारा कर. त्याला सगळं माहीत आहे आणि तो गप्प आहे. अक्षरं चित्रापासून वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर असतील तर तासाभराचं काम आहे. चित्रात मिसळून सेव्ह केली असशील तर फुग्याचा आतला भाग पांढरा भरून पुन्हा लिही, पण फुग्याची बाहेरची रेघ सांभाळ. ती अर्धवट पुसली गेली तर दुरुस्ती लगेच डोळ्यांत येते. ‘या दोन पानांतले संवाद बदललेत’ असं एका ओळीत वाचकांना सांग. कारण सांगायचं नाही.

कच्चे आराखडे झाले की पानं एकेक करून पुरी करू नकोस. सहा-सहाचा गट घे. आधी सहाही पानांवर अक्षरं बसव, मग पेन्सिल, मग शाई, मग रंग. अक्षरं शेवटी टाकली की फुगे हातांवर येतात, आणि तुझ्या कथेत हातच झाकले गेले तर उरलं काय? देवनागरीत वेलांटी वर जाते आणि उकार खाली येतो. ओळींमधलं अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. त्यामुळे वाटतो त्यापेक्षा मोठा फुगा धर. सहा पानांची शाई सलग केल्याचा आणखी एक फायदा म्हणजे रेषेची जाडी एकसारखी राहते. तू महिन्यातून एकदा बसतेस तेव्हा ती नक्कीच बदलत असणार.

आणि हा शेवट आजच एका माणसाला पूर्ण सांग, जो तुझा वाचक नाही. केंतारो मिउरा २०२१ मध्ये ‘बर्सर्क’ हे आपलं जपानी कॉमिक अपुरं ठेवून गेले. शेवटापर्यंतची कथा त्यांनी अनेक वर्षांपूर्वी कोजी मोरी या मित्राला सांगून ठेवली होती, म्हणून २०२२ मध्ये मोरींच्या देखरेखीखाली ते पुढे सुरू होऊ शकलं. तुझ्या बाबतीत कारण साधं आहे. शेवट फक्त तुझ्या डोक्यात राहिला की कुणाच्याही पत्राने तो हलतो. दुसऱ्याला सांगितलेला शेवट बदलायचा झाला तर आधी त्याला कारण द्यावं लागतं, आणि ‘एकीने ओळखला’ हे कारण मोठ्याने म्हणताना तुलाच ते पुरेसं वाटणार नाही. वाचकांची पत्रंही १६६वं पान होईपर्यंत त्याच माणसाला उघडू दे. त्यातले अंदाज त्याने स्वतःकडे ठेवायचे, बाकीचं तुला द्यायचं.

फसवणुकीचं म्हणशील तर पान न येणं ही फसवणूक नाही. दर शुक्रवारी येईल-येईल असं वाटत ठेवणं मात्र बरोबर नाही, आणि पान येत नसताना दरमहा पैसे घेत राहणंही नाही. सोमवारी वाचकांना एवढंच लिही: ‘आठ आठवडे सुट्टी. तोवर पैसे पाठवणं थांबवलंय. परत येईन तेव्हा सहा पानं तयार असतील.’ परतीची तारीख घाल. माफी मागू नकोस, कुणी मागितलेली नाही. परतल्यावर तयार पानं तीनच्या खाली गेली की पुढच्या शुक्रवारची सुट्टी आधीच कळव.

त्या वाचिकेला दोन ओळी लिही. ओळखलंस की चुकलंस यातलं काही बोलू नकोस. तो हात पाहिल्याबद्दल तिचे आभार मान.

मग १४३ ची तिसरी चौकट. इरा डावीकडे, तिचा फुगा वर डाव्या कोपऱ्यात. मुक्ता उजवीकडे, बुबुळं इराकडे, ओठ पुढच्या शब्दासाठी अर्धवट उघडलेले. डावा हात मांडीखाली दडवलेला.

– ताई