विकसनशील देशात अन्नसुरक्षेसाठी झटणाऱ्या सामाजिक उद्योगांना (नफ्यापेक्षा समाजहिताला प्राधान्य देणाऱ्या व्यवसायांना) कोणती मदत खरोखर उपयोगी पडते?
माझ्या मते यंत्रांसाठी एकरकमी अनुदान देण्यापेक्षा सुगीच्या तोंडावर कमी व्याजाचे खेळते भांडवल देणे अधिक उपयोगी ठरते. धान्य बाजारात येते ते मोजक्या आठवड्यांत. त्या वेळी ते विकत घ्यायला उद्योगाच्या हाती रोकड नसेल, तर शेतकरी नाइलाजाने पडत्या भावात माल विकून टाकतो आणि अनुदानातून उभारलेली गिरणी पुढे कच्च्या मालावाचून बंद पडून राहते. त्याखालोखाल साठवणुकीला हातभार लावावा, कारण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर, किरकोळ विक्रीपर्यंत पोहोचण्याआधीच वाया जाते. नीट वाळवलेले धान्य हवाबंद पिशवीत भरले, की आतला प्राणवायू संपत जाऊन कीड औषधाविना मरते. मात्र दूध, भाजीपाला यांसारखा नाशवंत माल हाताळणाऱ्या उद्योगांना हा क्रम लागू पडत नाही. त्यांना शीतसाखळीसाठी, म्हणजे माल सतत थंड ठेवणाऱ्या साठवण-वाहतुकीसाठी, दीर्घ मुदतीचे भांडवलच आधी हवे असते.